धंदा कोण काढतो, आणि बुडाला तर कोण भरतो?

वडोदऱ्यातल्या मराठी मंडळांच्या व्याख्यानांत आणि गणेशोत्सवाच्या मांडवांत एक वाद अधूनमधून नव्या उत्साहाने उकरून काढला जातो. शेजारचा गुजराती मुलगा विशी ओलांडताच दुकान थाटतो आणि आपला मुलगा तिशीपर्यंत नोकरीच्या परीक्षा देत बसतो, असे का? वक्ता पुण्याहून आलेला असो वा दांडिया बाजारातला, मांडणी ठरलेली असते. एक पक्ष सांगतो की धंदा रक्तात असावा लागतो, तो त्यांच्या रक्तात आहे आणि आपल्या रक्तात तलवार आणि लेखणी आहे. दुसरा पक्ष म्हणतो की रक्ताबिक्ताच्या गोष्टी सोडा, मोठी स्वप्ने पाहा, धाडस करा, नोकरी मागणारे न राहता नोकरी देणारे व्हा. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तावातावाने तुटून पडतात, परंतु त्यांचे गृहीतक एकच आहे: धंद्याची प्रेरणा माणसाच्या आत कुठेतरी असते, काहींजवळ ती जन्मतः असते, बाकीच्यांत ती भाषणाने जागी करता येते. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. स्वतःचे काही सुरू करावे ही इच्छा आपल्या समाजात मुळीच दुर्मिळ नाही. सरकारी कचेरीत तीस वर्षे काढलेल्या कोणत्याही गृहस्थाला विचारावे, एखादी छापखान्याची, खाणावळीची किंवा सुट्या भागांच्या कारखान्याची योजना त्याच्या मनात अजून शाबूत असते. ती योजना कोणाच्या हातून प्रत्यक्षात उतरते आणि कोणाच्या मनातच राहते, हे प्रामुख्याने एका रोकड्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. फसले तर नुकसान कोण सोसणार, आणि फसल्यानंतर माणसाला परत यायला जागा उरते की नाही?

रक्ताचा सिद्धान्त तर वडोदऱ्याच्या रस्त्यावरच मोडून पडतो. गुजराती म्हणजे व्यापारी हे समीकरण मांडणाऱ्यांना नागर ब्राह्मणांचा विसर पडतो. पिढ्यान्पिढ्या कारभार, दिवाणगिरी आणि लेखणी यांवर जगलेला हा समाज पूर्णपणे गुजराती आहे. दक्षिण गुजरातेतल्या अनाविलांनीही देसाईपणाची, म्हणजे महसूलवसुलीची वतने सांभाळली आणि पुढे शिक्षण व सरकारी नोकरी यांकडे ते वळले. सिंधी समाजाचे उदाहरण आणखी बोलके आहे. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या आणि वारसियासारख्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या या समाजाला आपण सरसकट व्यापारी म्हणतो; पण सिंधमध्ये त्यांच्यात आमिल आणि भाईबंद असे दोन थर होते. आमिल हे दरबारी आणि सरकारी नोकरीतले, भाईबंद हे व्यापारातले. भाषा तीच, प्रदेश तोच, आणि तरी पिढ्यान्पिढ्यांचे व्यवसाय निरनिराळे. उलट बाजूने पाहायचे तर सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातला गलाई कारागीर पाहावा. सोन्याचांदीचा गाळ शुद्ध करण्याचे काम घेऊन ही अस्सल मराठी शेतकरी कुटुंबांतली माणसे भारतभरच्या सराफपेठांत पसरली आणि तिथे त्यांनी स्वतःची दुकाने थाटली. गावातला एखादा पोरगा परमुलखात असलेल्या गाववाल्याच्या भट्टीवर राहतो, काम शिकतो, दोन पैसे साठवतो, आणि मग त्याच गाववाल्यांच्या ओळखीवर दुसऱ्या शहरात स्वतःची भट्टी पेटवतो. त्याच्या रक्तात कोणता व्यापार होता? त्याच्या मागे होती ती कोरडी जमीन, आणि पुढे होती गाववाल्यांची साखळी, जी हात देत होती आणि एक दुकान बसले तर दुसरीकडे कामाला लावूनही घेत होती. ही साखळी आपण पाटीदारांत किंवा मारवाड्यांत पाहिली की तिला त्यांचे रक्त म्हणतो, आणि मराठी माणसांत दिसली की तिची दखलही घेत नाही, हे मला मोठे विचित्र वाटते.

आता स्वप्नवाल्यांकडे वळू. त्यांच्यातही दोन गट आहेत. काहींच्या मते माणूस पैशासाठी धंदा काढतो, काहींच्या मते ध्यासापोटी. पैशाचा मुद्दा आकड्यांच्या कसोटीला फारसा टिकत नाही. बार्टन हॅमिल्टन या अर्थशास्त्रज्ञाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे आढळले की दहा वर्षे स्वतःचा व्यवसाय केलेल्या मधल्या फळीतल्या माणसाची कमाई, तो तितकीच वर्षे नोकरीत राहिला असता तर जितकी झाली असती तिच्यापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होती. थोड्यांना अफाट मिळते, त्यांचीच नावे आपल्या कानावर येतात, आणि बाकीचे कमी पैशात जास्त तास राबतात. तरीही बहुतेक जण टिकून राहतात, याचा अर्थ ते पैशाव्यतिरिक्त आणखी काहीतरी मिळवत असले पाहिजेत. ध्यासाची गोष्ट मात्र भारतात बोलताना जपून बोलावी लागते. २०१३-१४ मध्ये पूर्ण झालेल्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापने मोजली गेली आणि त्यांतल्या जवळजवळ ७२ टक्क्यांत एकही पगारी माणूस नव्हता. मालक, फार तर घरची माणसे, आणि संपले. मांडवीच्या फुटपाथवर कपड्यांचा ढीग मांडून बसणारी बाई, सुरसागराच्या काठी सेवउसळीची गाडी लावणारा, रिक्षा स्वतःच्या नावावर घेतलेला माणूस हे सगळे या गणनेत बसतात. त्यांना ध्यासाविषयी प्रश्न विचारणे हा थोडा क्रूरपणाच होईल. नोकरी नव्हती म्हणून त्यांनी धंदा काढला, उद्या बरी नोकरी मिळाली तर त्यांतले अनेक जण सोडतील, आणि तरी व्याख्यानात ‘उद्योजक’ हा शब्द उच्चारला जातो तेव्हा त्यांच्यापैकी कोणीच वक्त्याच्या डोळ्यांसमोर नसते. देशात धंदा काढणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना वगळून धंद्याच्या प्रेरणेची चर्चा करायची, ही या वादातली पहिली लबाडी आहे, मग ती नकळत केलेली का असेना.

प्रेरणा हा शब्द वापरायचाच असेल तर एका प्रेरणेला मात्र मी फार मोठे स्थान देईन, आणि तिचा उल्लेख व्याख्यानांत अपवादानेच होतो. ती म्हणजे अपमान. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांच्या वाट्याची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. ही बढती त्यांना मिळाली असती तर काय झाले असते? बहुधा ते उत्तम प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले असते आणि मराठी उद्योगाच्या इतिहासातले एक सोनेरी पान कोरे राहिले असते. म्हणजे त्यांची बुद्धी, चिकाटी, यंत्रांवरचे प्रेम हे सारे नोकरीत असतानाही त्यांच्याजवळ होतेच. बदलले ते एवढेच की नोकरीची किंमत त्यांच्या लेखी एका दिवसात उतरली. माणसाला वरिष्ठाचे ऐकून घ्यावे लागणे, आपल्यापेक्षा कमी जाणणाऱ्याच्या हाताखाली काम करावे लागणे, कामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाणे, या गोष्टी किती धंद्यांच्या मुळाशी असतात याची मोजदाद झाली तर यशोगाथा लिहिणाऱ्यांची पंचाईत होईल. पण किर्लोस्करांची कथा इथेच सोडली तर तीही खोटी ठरते. बेळगावात त्यांचे बंधू रामुअण्णा होते आणि सायकलींचे दुकान दोघांनी मिळून चालवले. लोखंडी नांगर त्यांनी १९०३ मध्ये बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने त्याला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली. ती दोन वर्षे घर आणि कारखाना चालत राहिले. पुढे बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठी सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ जागा दिली, कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. अपमानाने माणूस उंबऱ्याबाहेर पडला हे खरे. पण बाहेर पडल्यावर तो तगला, तो भाऊ आणि राजा या दोघांनी त्याच्या फसण्याचा भार वाटून घेतला म्हणून.

माझ्या म्हणण्याला यावर एक साधा आणि सबळ आक्षेप घेतला जाईल. एकाच घरातले दोन भाऊ असतात, आईवडील तेच, शाळा तीच, घरातला पैसा तोच. एक धंद्यात उडी घेतो आणि दुसरा बँकेत चिकटतो. परिस्थितीच सर्व काही ठरवत असेल तर हे कसे? हा आक्षेप मी मान्य करतो. स्वभावाचा वाटा आहेच, आणि तो घडवताही येतो असे मानायला आधार आहे. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्यात छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिले. काही साध्य करण्याची ओढ वाढवता येते हा त्याचा दावा होता, आणि प्रशिक्षण घेतलेल्यांनी इतरांपेक्षा अधिक हालचाल केल्याचे त्याला आढळले. आपल्या गुजरातेतही १९७० च्या सुमारास सरकारी वित्त महामंडळांनी नव्या उद्योजकांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केले, आणि त्यातूनच १९८३ मध्ये अहमदाबादजवळ उद्योजकता विकासाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. मात्र गुजरातच्या या प्रयोगाचे कौतुक करताना आपण त्याचा अर्धाच भाग सांगतो. प्रशिक्षणाला जोडून कर्जाची सोय होती आणि औद्योगिक वसाहतीत गाळा मिळण्याची सोय होती. नुसत्या प्रबोधनावर कोणी मकरपुऱ्यात लेथ बसवलेले नाही. आणि दोन भावांचे म्हणाल, तर बारकाईने पाहिल्यास धंद्यात उतरणारा पुष्कळदा दुसरा असतो. पहिल्याचा पगार घरात येऊ लागलेला असतो, म्हणून दुसऱ्याला जोखीम घेणे परवडते. धाकट्याच्या धाडसाचे कौतुक होते, थोरल्याच्या पगाराचे नाव कुठेच येत नाही.

स्वभाव आणि हाताशी असलेला पैसा यांतले अधिक निर्णायक काय, हे तपासण्याचा एक चांगला प्रयत्न डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची आयुष्ये दीर्घकाळ नोंदवली गेली आहेत. लहानपणी त्यांच्या मानसिक चाचण्याही झाल्या होत्या. पुढे स्वतःचा व्यवसाय कोणी काढला हे पाहता, बालपणीच्या चाचण्यांतल्या गुणांवरून फारसा अंदाज बांधता येत नव्हता. पण ज्यांना वारशाने किंवा भेटीदाखल सुमारे पाच हजार पौंड मिळाले होते, त्यांनी व्यवसाय काढण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झालेली दिसली. पाच हजार पौंड म्हणजे काही गिरणी उभारण्याची रक्कम नव्हे. वर्ष-दोन वर्षे मिळकत नसली तरी घर बुडणार नाही, एवढाच दिलासा देणारी ती रक्कम आहे.

याहून अवघड आक्षेप वडोदऱ्याच्या मराठी इतिहासातून येतो, आणि तो कोणी मांडत नाही याचे मला नवल वाटते. परतीची जागा असणे एवढे महत्त्वाचे असेल, तर इथला मराठी माणूस सर्वांत मोठा उद्योजक व्हायला हवा होता. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आलेली घराणी शिलेदार, मानकरी, दरकदार म्हणून स्थिरावली. संस्थानाची नोकरी होती, वाडे होते, वर्षासने होती. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पण त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले, पुढे कोयलीची रिफायनरी, खत कारखाना, पेट्रोरसायनांचे प्रकल्प आले, रेल्वे आणि बँका होत्याच. मुलगे एका सुरक्षित नोकरीतून दुसऱ्या सुरक्षित नोकरीत गेले. एवढी सुरक्षितता पिढ्यान्पिढ्या लाभूनही धंदे निघाले नाहीत, म्हणजे सुरक्षितता माणसाला सुस्तच करते, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? उत्तर असे की सुरक्षितता दोन प्रकारची असते आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या उलट होतात. एक असते नोकरीला बांधलेली. ती जोवर खुर्चीवर आहात तोवरच तुमची. उठलात की निवृत्तिवेतन गेले, ज्येष्ठता गेली, क्वार्टर गेले, वैद्यकीय सवलत गेली, आणि वयाची मर्यादा ओलांडलेली असल्याने त्या दारातून परत आत येणे अशक्य. ही सुरक्षितता जितकी भक्कम तितके उठणे महाग. दुसरी सुरक्षितता माणसाला बांधलेली असते: तो फसला तरी त्याच्या पाठीशी राहणारी. मकरपुऱ्यातला पटेल मुलगा फसला तर मामाच्या पेढीवर बसतो आणि दोन वर्षांनी पुन्हा प्रयत्न करतो; त्याच्या पहिल्या प्रयत्नाची गणना अनुभवात होते. आपल्या घरातला मुलगा नोकरी सोडून फसला तर पुढची वीस वर्षे प्रत्येक लग्नसमारंभात तो चांगली नोकरी सोडल्याचा दाखला म्हणून वावरतो. पहिल्या प्रकारची सुरक्षितता आपल्याकडे भरपूर होती आणि दुसऱ्या प्रकारची जवळजवळ नव्हती. फ्रान्समध्ये २००२ मध्ये नेमका याच फरकावर आधारलेला बदल झाला. बेकार माणसाने व्यवसाय काढला आणि तो बुडाला, तरी त्याचा बेकारी भत्त्यावरचा हक्क शाबूत राहील अशी तरतूद करण्यात आली, आणि नव्या व्यवसायांची संख्या लक्षणीय वाढली. त्या बेकारांच्या स्वप्नांत एका वर्षात काही फरक पडला होता काय? त्यांची परतीची वाट तेवढी उघडी झाली होती.

आणि हे वडोदऱ्याने फ्रान्सकडून शिकावे अशी वेळच यायला नको होती. सयाजीराव महाराजांचा गौरव करताना आपण त्यांची सक्तीच्या शिक्षणाची योजना आठवतो, ग्रंथालये आठवतो. उद्योगाच्या बाबतीत त्यांनी काय केले ते फारसे नीट वाचत नाही. त्यांनी रयतेला धाडसाचे उपदेश केले असतील, पण त्यावर ते थांबले नाहीत. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा निघाली. तिची घडी बसवणारे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर, त्यांच्याच तालमीतले कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन या तिघांनी १९०७ मध्ये अलेंबिक केमिकल वर्क्सची सुरुवात केली. या तिघांत एक मराठी नाव आहे, हे रक्तवाद्यांनी लक्षात घ्यावे. विद्या आणि सोबत एकाच छताखाली मिळाली तेव्हा कोण कोणत्या भाषेचा हे कोणी विचारले नाही. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, तीही संस्थानाच्या पाठबळावर, विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासारख्या व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन. संस्थानाने स्वतः हाती घेतलेल्या काही कारखान्यांना अपयशही आले. पण ते नुकसान तिजोरीने सोसले, एखाद्या कारकुनाच्या राहत्या घराने नाही, आणि पुढच्या माणसाला त्यातून काय टाळावे ते कळले.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि ती तर थेट मराठी मंडळींची आहे. फेब्रुवारी १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी याच शहरात अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. देशातला सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षे आधी इथल्या मध्यमवर्गीय माणसांनी आपापली छोटी बचत एकत्र करून एकमेकांची नड भागवण्याची व्यवस्था उभी केली होती, आणि ती भारतातली अशा प्रकारची पहिली संस्था मानली जाते. नाव पाहा: अन्योन्य. ज्या समाजाच्या रक्तात पैशाचा व्यवहार नाही असे आपण ऐकत आलो, त्याने देशाला सहकारी पतपुरवठ्याचा पहिला नमुना दिला. हा इतिहास ज्या गावात घडला त्या गावात मराठी माणसाला धंद्याचे वावडे का, यावर भाषणे व्हावीत, हे आपल्या स्मरणशक्तीचे फार चांगले लक्षण नाही.

फसण्याची किंमत कोण भरतो हा प्रश्न विचारला की आणखी एक गोष्ट दिसू लागते, जी प्रेरणेच्या गप्पांत कायम झाकलेली राहते. बहुतेक धंद्यांचा पहिला जामीन घरातली बाई असते. कलाभवनात शिकून गेलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण ठेवून विलायतेला गेले आणि परतल्यावर सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तेव्हा भारतातला चित्रपटाचा धंदा उभा राहिला. फाळक्यांची प्रेरणा काय होती यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सरस्वतीबाईंनी कोणत्या हिशेबाने होकार दिला, त्यांना नकार देण्याची खरोखर मोकळीक होती काय, यावर किती लिहिले गेले? उलटपक्षी, बाई स्वतः धंदा काढते तेव्हा तिच्यासाठी दागिने गहाण ठेवणारा कोण असतो? म्हणूनच बायकांचे धंदे जिथे नुकसान लहान आणि वाटलेले असते तिथे जोमाने उभे राहिलेले दिसतात. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या सातजणींना काही साम्राज्य उभारायचे नव्हते. घरकाम उरकल्यावरच्या वेळात चार पैसे मिळावेत, ते आपल्या हातचे असावेत, एवढीच अपेक्षा होती. वाईटात वाईट काय झाले असते? ८० रुपये सातजणींत वाटले गेले असते. तिथून लिज्जत जिथवर पोहोचली तिथवर पोहोचण्याची प्रेरणा त्यांच्या मनात पहिल्या दिवशी असणे शक्यच नव्हते. प्रेरणा ही धंद्याच्या आधी येते हा समजही असाच तपासून घ्यायला हवा. कित्येकदा धंदा चालू लागल्यावर ती येते, आणि मुलाखतीत मात्र ती पहिल्या दिवसापासून असल्याचे सांगितले जाते. रावपुऱ्यातल्या पोळीभाजी केंद्राची मालकीण किंवा दिवाळीचा फराळ घरून करून देणारी गृहिणी असे काही सांगत नाही, कारण तिची मुलाखत घ्यायला कोणी येत नाही.

मग रिकाम्या हाताने आलेल्यांचे काय? खिशात काही नसताना शहरात आला आणि कारखानदार झाला, अशी माणसे आहेत. नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांच्यावरून नियम काढताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचे बुडण्यासारखेही काही नसते, त्यामुळे फसण्याची किंमत त्याच्यापुरती सर्वांत कमी असते; सर्वांत जास्त किंमत मोजावी लागते ती मध्यमवर्गाला, ज्याच्याजवळ गमावण्यापुरते आहे पण गमावून तगण्यापुरते नाही. वडोदऱ्याचा मराठी समाज मुख्यतः याच फळीत आहे. दुसरे असे की रिकाम्या हाताने आलेले जे शेकडो जण रिकाम्या हातानेच परत गेले, त्यांना व्याख्यानाला कोणी बोलावत नाही. बोलावले तर त्यांचे धाडस, त्यांची स्वप्ने आणि त्यांची पहाटे उठण्याची सवय यशस्वी माणसाच्या तोडीसतोडच निघेल अशी माझी अटकळ आहे.

मुद्दा केवळ तात्त्विक राहिला असता तर एवढा कीस पाडण्याची गरज नव्हती. प्रेरणा आत असते असे मानले की उपाय म्हणून भाषणे, शिबिरे आणि सत्कार सुचतात. किंमत बाहेर असते असे मानले की उपाय बदलतात. लहान उद्योगांना बिनतारण कर्ज मिळावे म्हणून २००० सालापासून पतहमी निधी आहे, पण ती हमी बँकेसाठी आहे. कर्ज बुडाल्यास बँकेचे नुकसान भरून निघते, कर्जदाराची देणेदारी मात्र तशीच राहते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य व्यक्ती आणि भागीदारी पेढी यांना कर्जाच्या विळख्यातून सन्मानाने बाहेर पडण्याचा मार्ग लिहिलेला आहे, परंतु कंपन्यांसाठी जामीन राहिलेल्या व्यक्ती वगळता तो भाग अजून लागूच झालेला नाही. मोठी कंपनी बुडाली तर तिच्यासाठी न्यायाधिकरण आहे आणि रावपुऱ्यातला छापखानेवाला बुडाला तर त्याच्यासाठी तगादेवाले आहेत. २००६ च्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज दिले पाहिजे. पण जॉबवर्क करणारा ज्या कारखान्यावर जगतो त्याच्याविरुद्ध तक्रार करील तर पुढची ऑर्डर कोण देईल? अशा अनेक गाळ्यांना टाळे लागते ते माल वाईट म्हणून नाही, उधारी वसूल होत नाही म्हणून. नव्या उद्योजकाला ‘घाबरू नकोस’ असे सांगण्याआधी त्याच्या भीतीची ही कारणे किती खरी आहेत ते पाहणे बरे.

सरकारचे सरकारवर सोपवू. मंडळांच्या हाती काय आहे? आपल्या बहुतेक मराठी संस्थांजवळ शिष्यवृत्त्यांचे निधी आहेत, आणि शिष्यवृत्ती देताना मुलगा नापास झाला तर पैसे परत घ्यायचे असे आपण म्हणत नाही. काही पैसे वाया जाणार हे धरूनच तो निधी उभा असतो. धंद्यासाठी असा निधी का नसावा? दरवर्षी निवडक तीन-चार जणांच्या घरखर्चाची एक वर्षाची तरतूद करावी, भांडवल त्यांनी बँकेतून उभे करावे. धंदा चालला तर दामदुप्पट परत द्यावे, बुडाला तर फक्त हिशेबाच्या वह्या मंडळासमोर ठेवाव्यात, म्हणजे पुढच्याला त्या कामी येतील. यावर शंका येईल की फुकटच्या पैशावर लोक निष्काळजीपणे धंदे काढतील आणि बुडवतील. काही जण बुडवतीलही. पण १८८९ मध्ये ज्यांनी एकमेकांची बचत एकमेकांना उसनी दिली, त्यांच्यापुढे हीच शंका होती, आणि त्यांचे उत्तर त्यांच्या रचनेतच होते: सभासद एकमेकांना ओळखत होते, एकाच पेठेत राहत होते, कोण खरोखर नडला आहे आणि कोण उडवतो आहे हे त्यांना चौकशीविना कळत होते. अशी ओळख बँकेजवळ नसते, सरकारजवळ नसते. दांडिया बाजार ते मांजलपूर पसरलेल्या आपल्या मंडळांजवळ ती अजून बऱ्यापैकी आहे. निधीच्या पहिल्या यादीत निम्म्या बाया असाव्यात आणि अर्जात ‘तुमची प्रेरणा काय’ हा रकाना नसावा, एवढ्या दोन अटी मी घालीन.